पंडिता रमाबाईंची ग्रीक
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आजचा विषय कळल्यावर आपल्यापैकीच एकीने मला विचारले, "अहो, लॅटिन आणि ग्रीक? सांगलीत बसून? आणि या वयात?" प्रश्न रास्त आहे. माझे माहेर साताऱ्याचे, सासर सांगलीचे. दोन्हीकडे या भाषांचा कधी वाराही लागला नाही. पण एका मराठी बाईने बायबलाचे मराठी भाषांतर करण्यासाठी ग्रीक आणि हिब्रू अशा दोन प्राचीन भाषा आत्मसात केल्या. हे काम हाती घेतले तेव्हा ती पन्नाशीला टेकली होती, आणि काम चालले ते पुणे जिल्ह्यातल्या केडगावी. ती बाई म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांच्या धर्मांतराविषयी पुष्कळ वाद झाले, त्यात मला आज शिरायचे नाही. त्या भाषा कशा शिकल्या आणि कशासाठी शिकल्या, एवढेच पाहू.

सुरुवात त्यांच्या वडिलांपासून केली पाहिजे. अनंतशास्त्री डोंगरे विद्यार्थिदशेत पुण्यास होते. त्यांचे गुरू पेशव्यांच्या वाड्यात राणीसाहेबांना संस्कृत शिकवायला जात. ते पाहून, आपणही आपल्या पत्नीला शिकवावे, असे शास्त्रीबुवांच्या मनाने घेतले. पुढे लक्ष्मीबाईंना त्यांनी संस्कृत शिकवले, तेव्हा गहजब झाला. पंडितांच्या सभेपुढे उभे राहून, स्त्रीने संस्कृत शिकण्यास शास्त्राची आडकाठी नाही, हे त्यांना ग्रंथांच्या आधारे सिद्ध करावे लागले. १८५८ साली जन्मलेल्या रमाबाईंची खरी गुरू मात्र आई. कुटुंब तीर्थयात्रेत फिरत असे, पुराणे वाचून उदरनिर्वाह चाले. घर नाही, शाळा नाही, फळा नाही. आईच्या तोंडून ऐकायचे आणि म्हणायचे. भागवताचे हजारो श्लोक मुलीला पाठ झाले. व्याकरण आणि कोशही शिकवले गेलेच. पण भाषा कानातून आणि ग्रंथातून आली.

आपल्या शाळेत नेमके उलटे झाले. आधी रूपे, मग नियम, आणि ग्रंथ कधीच नाही. संस्कृत म्हणजे पैकीच्या पैकी गुण मिळवून देणारा विषय, एवढीच त्याची कीर्ती. परीक्षा संपली की "देवः देवौ देवाः" पेटीत बंद! मला वाटते, भाषेची गोडी लागते ती आवडत्या पानामुळे. ते पान दहादा वाचावे, अडेल तेथे व्याकरणाला विचारावे. व्याकरण हे वाटाड्यासारखे. वाटाड्याशी गप्पा मारण्यासाठी कोणी यात्रेला निघत नाही.

रमाबाईंनी नेमका असाच ग्रंथ धरला. बायबलाचा नवा करार मुळात ग्रीकमध्ये आहे, जुना बहुतेक हिब्रूत. मजकूर त्यांना इंग्रजीतून आणि मराठीतून आधीच ठाऊक होता, त्यामुळे परक्या लिपीतही ओळखीचे माणूस भेटत असणार. मग एवढा खटाटोप कशाला? तर, त्या वेळी प्रचारात असलेल्या मराठी भाषांतराची भाषा त्यांना संस्कृतप्रचुर वाटे. साध्या बायकांना ती कळत नसे. दुष्काळातून, वैधव्यातून केडगावच्या मुक्तिसदनात आलेल्या बायकांना समजेल अशी मराठी त्यांना हवी होती. गंमत पहा: जिला कलकत्त्याच्या विद्वानांनी १८७८ साली 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटले, तिनेच संस्कृत शब्द निवडून निवडून बाजूला ठेवले! मूळ भाषेपर्यंत जाण्याचे कारण हेच. मधल्या भाषांतरकाराच्या शब्दांवर विसंबायचे नसेल, तर मूळ वाचता आले पाहिजे. ते काम शेवटपर्यंत चालले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली निघाला, तोही मुक्तिसदनाच्याच छापखान्यात, तिथल्या बायकामुलींनी छापून.

आता त्या भाषा आपल्याला वाटतात तितक्या परक्या आहेत का? 'मी वाहतो' याला संस्कृतात 'भरामि', ग्रीकमध्ये 'फेरो', लॅटिनमध्येही 'फेरो'. भूतकाळी संस्कृतात आधी 'अ' लागतो, 'अभरत्'. ग्रीकमध्ये 'ए' लागतो, 'एफेरे'. जुन्या ग्रीकमध्ये द्विवचनदेखील आहे. लॅटिनने ते टाकून दिले, म्हणजे विद्यार्थ्यांवर उपकारच केले. अग्नीला लॅटिनमध्ये 'इग्निस', आणि विधवेला 'विदुआ'. मुक्तिसदनातल्या किती जणींच्या वाट्याला तो शब्द आला होता! इतक्या दूरच्या देशांतही तो सारखाच ऐकू यावा, याने मला चैन पडत नाही.

काही शब्द तर आपल्या घरातच आहेत. 'केंद्र' आणि पंचांगातला 'होरा' हे ग्रीकांकडून ज्योतिषाबरोबर आले. 'दाम' ग्रीकांच्या नाण्यावरून आला. पोर्तुगीजांबरोबर 'चावी', 'मेज' आणि 'साबण' आले, त्यांचे मूळ लॅटिन. म्हणजे चावी लॅटिन. आणि जिला ती लागते ती 'तिजोरी'ही पोर्तुगीजांचीच, पण तिचे मूळ मागे ग्रीकपर्यंत जाते.

जुन्या विद्येचे वावडे आपल्या मुलखाला कधीच नव्हते. वाईच्या प्राज्ञपाठशाळेने धर्मकोशाचे केवढे काम केले! हरिपूरच्या देवलांनी 'मृच्छकटिक' मराठीत आणले, म्हणून वसंतसेना आपल्या सांगलीला घरची वाटते. मात्र मुळात ती बहुतेक प्राकृतात बोलते. संस्कृत नाटकांत बायकांच्या तोंडी संस्कृत क्वचितच. तेवढ्यावरून रमाबाईंच्या वडिलांना सभेपुढे का उभे राहावे लागले, हे ध्यानात येईल.

आपण गणपतीत अथर्वशीर्षाची आवर्तने करतो, जेवणापूर्वी गीतेचा पंधरावा अध्याय म्हणतो. पाठांतराचा अवघड भाग आपल्या आयांनी उरकून ठेवला आहे. अर्थ मात्र आपण अजून दुसऱ्याला विचारतो. म्हणून माझी मंडळाला विनंती आहे: मंगळवारी दुपारी भजनानंतर एक तास द्या. पंधराव्या अध्यायाचे वीसच श्लोक आहेत. दर वेळी दोन घेऊ, पदे फोडू, विभक्ती ओळखू. तो झाला की, ज्यांची हौस उरेल त्यांच्यासाठी मी ग्रीक अक्षरे फळ्यावर काढून देईन. अल्फा, बीटा, थीटा, पाय ही मुलांच्या भूमितीच्या वहीत आपल्याला भेटलेलीच आहेत. खडू मी आणीन, गीतेची प्रत ज्हिची तिने आणावी. आणि चष्मा विसरू नये.