द्रौपदीबाईंना पाठिंबा, आणि २८ जूनच्या नियमांना विरोध

(राष्ट्रपतीपदाच्या १८ जुलै २०२२ च्या मतदानाआधी गोसीखुर्द इथं झालेल्या बैठकीतलं भाषण. बोललं गेलं तसंच ठेवलं आहे, मधली प्रश्नोत्तरं तेवढी गाळली.)



रोवणीचे दिवस आहेत, पाऊस थांबत नाही, वैनगंगा भरून चालली आहे. बांधीतलं काम टाकून तुम्ही आलात, म्हणून लांबण न लावता मुद्द्यावरच येतो.

मागच्या तीन आठवड्यांत आम्ही ज्या ज्या गावात गेलो तिथं दोन प्रश्न विचारले गेले. पहिला म्हाताऱ्या माणसांचा आणि बायांचा. "आपली बाई राष्ट्रपती होऊन ऱ्हायली, अन् संघटना गप्प काऊन?" दुसरा शिकलेल्या पोरांचा. "ज्या पक्षानं तिला उभं केलं, त्याच पक्षाच्या सरकारनं जंगलाचे नवे नियम काढले. तिला पाठिंबा द्याल तर उद्या वनहक्काच्या मोर्च्यात कोणत्या तोंडानं उभे राहाल?" दोन्ही विचारणारे आपलेच आहेत आणि दोघांचंही म्हणणं खरं आहे. म्हणून ही बैठक.

आधी एक गोष्ट समजून घ्या, कारण काही गावांत लोक विचारत होते की मतदान केंद्र कोणत्या शाळेत आहे. या निवडणुकीत तुम्हाला-आम्हाला मत नाही. मत आहे आमदार-खासदारांना. महाराष्ट्राच्या एका आमदाराच्या मताची किंमत १७५, खासदाराच्या मताची ७००. आमदाराची किंमत १९७१ च्या जनगणनेवरून काढतात. भंडारा जिल्ह्याचे आमदार तीन, म्हणजे ५२५. सगळ्या महाराष्ट्रात आदिवासींसाठी राखीव जागा २५, म्हणजे ४,३७५. पूर्ण देशाची बेरीज दहा लाखांच्या वर जाते. या मतदानाला पक्षाचा व्हिप लागत नाही, मत गुप्त असतं. म्हणून आमदाराला जाऊन विचारता येतं, की बाबा, तू तुझ्या मनानं काय करणार?

आता हिशेब सरळ बोलू. द्रौपदी मुर्मू निवडून येणार आहेत. भाजपची मतं आहेतच. ओडिशाचा बिजू जनता दल, आंध्रचा वायएसआर काँग्रेस त्यांच्या बाजूला आहेत. झारखंड मुक्ती मोर्चा काँग्रेससोबत सरकारात असून त्यांच्याकडे गेला. उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेनंही १२ तारखेला पाठिंबा जाहीर केला, आणि तो कधी, तर भाजपमुळं त्यांचं सरकार जाऊन पंधरा दिवस झाले नाहीत तेव्हा. याच शिवसेनेनं २००७ मध्ये भाजपसोबत असून मराठी बाई म्हणून प्रतिभाताई पाटलांना मत दिलं होतं. म्हणजे धोरण एकीकडे आणि राष्ट्रपतीपदाचं मत दुसरीकडे, हे मोठे मोठे पक्ष करत आले आहेत. त्यात आपण काही जगावेगळं करत नाही.

पण आपल्या पाठिंब्यानं त्या जिंकणार नाहीत आणि विरोधानं हरणार नाहीत, तर बोलायचंच कशाला? कारण पाठिंबा देताना माणूस काहीतरी मागू शकतो. नुसता हार घेऊन गेलेल्याला पेढा मिळतो. अर्ज घेऊन गेलेल्याला निदान पोच तरी मिळते.

बाईंबद्दल टीव्हीवर तुम्ही पुष्कळ पाहिलं. संताळ आदिवासी, ओडिशाच्या मयूरभंज जिल्ह्यातलं उपरबेडा हे त्यांचं गाव. नवरा गेला, दोन पोरं गेली, तरी बाई उभी राहिली. आणखी एक गोष्ट आहे, धरणग्रस्तांना ऐकून हसू येईल. त्या आधी ओडिशा सरकारच्या पाटबंधारे आणि वीज खात्यात कनिष्ठ सहायक होत्या. म्हणजे धरणाची फाइल कशी चालते हे त्यांना कळत असणार. आणि वीज खात्याचं म्हणाल तर, उमेदवारी जाहीर झाल्यावर त्यांच्याच गावाच्या एका टोल्यावर वीज न्यायची धावपळ सुरू झाली, असं पेपरात आलं. गावची लेक आमदार झाली, मंत्री झाली, राज्यपाल झाली, तेव्हा त्या टोल्यावर खांब गेला नाही. हे आम्ही बाईंना दोष म्हणून सांगत नाही. आपला माणूस वर गेला की गाव आपोआप वर जातं असं जे समजतात, त्यांच्यासाठी सांगतो.

आम्हाला त्यांच्याबद्दल खरी किंमत वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. त्या २०१५ पासून २०२१ पर्यंत झारखंडच्या राज्यपाल होत्या. तिथं आदिवासींची जमीन वाचवणारे दोन जुने कायदे आहेत. एक छोटानागपूरचा, १९०८ चा, बिरसा मुंडाच्या उलगुलानानंतर इंग्रजांना करावा लागलेला. दुसरा संताळ परगण्याचा, १९४९ चा. नोव्हेंबर २०१६ मध्ये तिथल्या भाजप सरकारनं दोन्हींत दुरुस्ती मंजूर करून घेतली. शेतीची जमीन बिगरशेती कामाला वापरता यावी, हा त्यातला मुख्य डाव. मालकी तुमच्याच नावावर राहील, असं सांगत होते. सातबारा तुमच्या हातात आणि जमिनीवर दुसऱ्याचं शेड, हे तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही. लोक रस्त्यावर आले, निवेदनांचा ढीग राजभवनात गेला. सरकार भाजपचं, दिल्लीतही भाजप, राज्यपालबाई भाजपच्याच. तरी त्यांनी २०१७ मध्ये ती विधेयकं सही न करता परत पाठवली. यातून आदिवासींचा फायदा काय, ते सांगा म्हणाल्या. ऑगस्टमध्ये सरकारला ती मागं घ्यावी लागली.

भावांनो, हे लक्षात ठेवा. आपण पाठिंब्याचा विचार करतो तो या सहीसाठी, जी त्यांनी केली नाही. जन्म कुठं झाला हे माणसाच्या हातात नसतं. कुठल्या कागदावर सही करायची नाही, हे असतं.

आता दुसरी बाजू. त्याच झारखंडात २०१७ मध्ये भूसंपादन कायद्याची दुरुस्ती झाली. काही कामांसाठी सामाजिक परिणामांचा अभ्यासच नको, असं त्यात होतं. ती राजभवनात अडली नाही. दिल्लीला गेली आणि २०१८ मध्ये राष्ट्रपतींची मंजुरी घेऊन आली. त्या वेळी राष्ट्रपती रामनाथ कोविंद होते, दलित समाजातले. खुंटी भागात पत्थलगडीचं आंदोलन झालं. पाचव्या अनुसूचीत आणि पेसा कायद्यात जे लिहिलं तेच लोकांनी दगडावर कोरून गावाच्या वेशीवर उभं केलं, त्याबद्दल हजारो लोकांवर राजद्रोहाचे गुन्हे लागले. राज्यपाल याच होत्या. पाचव्या अनुसूचीची राखण करणं हे राज्यपालाचं काम. ते गुन्हे मागं घ्यायचा निर्णय झाला तो डिसेंबर २०१९ मध्ये सरकार बदलल्यावर. हे सगळं झाकून "आपली बाई, आपली बाई" म्हणत नाचायला आम्ही सांगणार नाही.

मग यशवंत सिन्हा काऊन नाही, असं पोरं विचारतात. ते म्हणतात मी रबरी शिक्का होणार नाही. चांगलं आहे. पण वाजपेयी सरकारात १९९८ पासून २००२ पर्यंत हेच अर्थमंत्री होते. त्याच सरकारनं २००१ मध्ये छत्तीसगडच्या आदिवासी मुलखातला कोरब्याचा बाल्को कारखाना विकला. घेणारी स्टरलाइट कंपनी म्हणजे पुढं नियमगिरीचा डोंगर खोदायला निघालेल्या वेदांत गटाचीच. म्हणजे धोरणावरून माणूस निवडायचा तर दोन्ही पाट्यांवर धूळ आहे. फरक इतकाच, की एकीनं निदान एकदा आपल्या माणसांची जमीन वाचवताना स्वतःच्या पक्षाला परत फिरवलं.

राष्ट्रपतीच्या हातात असतं तरी काय? राज्यघटनेप्रमाणे मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं चालायचं. कागद एकदा परत पाठवता येतो, दुसऱ्यांदा आला की सही करावी लागते. पण बोलता येतं. के. आर. नारायणन राष्ट्रपती असताना २००१ च्या प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या संध्याकाळी देशाला उद्देशून बोलले. जंगलात शतकानुशतकं राहणाऱ्या आदिवासींना उद्ध्वस्त करून हे गणराज्य उभं झालं, असं पुढच्या पिढ्यांनी म्हणू नये, अशा अर्थाचं त्यांनी स्पष्ट सांगितलं. सरकारला आवडणारं ते बोलणं नव्हतं. तेवढं बोलणं बाईंकडून मागणं हा आपला हक्क आहे.

आणि एक काम असं आहे की तिथं राष्ट्रपतीचाच आदेश लागतो. आपला भंडारा जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही. गडचिरोलीत आहे, चंद्रपूर-यवतमाळचा काही भाग आहे, मेळघाट आहे. वैनगंगेच्या या काठाला गोंड-हलबांची गावं आहेत, पण पाचवी अनुसूची नाही, म्हणून पेसाही नाही. महाराष्ट्राच्या राज्यपालांनी २०२० मध्ये अधिसूचना काढली, की जिल्हा समितीनं वनहक्काचा दावा नाकारला तर वर अपील करता येईल. ते कोणाला? अनुसूचित क्षेत्रातल्यांना. आपला दावा फेटाळला तर आपण कोर्टाचीच पायरी चढायची. महाराष्ट्रातल्या क्षेत्राचा आदेश १९८५ चा आहे. तो बदलायचा तर राज्यपालांशी विचारविनिमय करून राष्ट्रपतींनी आदेश काढायचा असतो. सल्ला मंत्रिमंडळाचा हे खरं, पण मागणीचा कागद कुठं जायला पाहिजे, तो पत्ता तर पक्का आहे.

आता २८ जूनचे नियम. बाईंचं नाव २१ जूनला जाहीर झालं आणि बरोबर सात दिवसांनी केंद्र सरकारनं वन संवर्धनाचे नवे नियम काढले. एका हातानं हार, दुसऱ्या हातानं कुऱ्हाड. यापूर्वी जंगलजमीन खाणीला, प्रकल्पाला द्यायची तर केंद्राची अंतिम मंजुरी मिळण्याआधी वनहक्काचे दावे निकाली लागले पाहिजेत, ग्रामसभेची संमती पाहिजे, असं होतं. २००९ मध्ये तसं परिपत्रकच निघालं होतं. नव्या नियमांत केंद्र आधी अंतिम मंजुरी देऊन मोकळं होणार. वनहक्काचं काय ते राज्यानं जमीन सोपवण्याआधी पाहायचं. दिल्लीची मंजुरी आली, पैसे भरले गेले, कंपनी गेटाशी उभी, आणि मग गावाला विचारणार: काय बा, तुमची हरकत आहे का?

हे गोसीखुर्दच्या माणसाला समजावायचं म्हणजे मासोळीला पोहायला शिकवणं. २२ एप्रिल १९८८ ला इथं राजीव गांधींच्या हातानं भूमिपूजन झालं. तेव्हा कोणत्या ग्रामसभेला विचारलं होतं? प्रकल्प ३७२ कोटींचा होता, आता हजारो कोटींत गेला. राष्ट्रीय प्रकल्प झाला, तेहतीस दरवाजे झाले, आणि पुनर्वसनाची गाऱ्हाणी घेऊन माणसं अजून फिरत आहेत. आधी मंजुरी आणि मग विचारणा, यात विचारण्याला काय किंमत राहते ते आपण चौतीस वर्षं पाहतो आहोत. उलटं उदाहरण बाईंच्याच ओडिशात आहे. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टानं नियमगिरीच्या ग्रामसभांना विचारायला लावलं. बारा ग्रामसभा झाल्या, बाराही नाही म्हणाल्या, आणि डोंगर वाचला. तिथं आधी विचारलं होतं.

म्हणून आमचं म्हणणं असं. संघटनेनं द्रौपदी मुर्मूंना पाठिंब्याचं पत्र द्यावं. पाठिंबा त्यांच्या नावाला आणि झारखंडात परत पाठवलेल्या त्या विधेयकांना. पक्षाला नाही, सरकारला नाही. ज्यांना आपल्याला आदिवासी म्हणायला जड जातं, वनवासी म्हणायला आवडतं, त्यांच्या विचाराला तर नाहीच नाही. त्याच पत्रात २८ जूनच्या नियमांना विरोध लिहायचा, खाली वेगळ्या कागदावर नाही, त्याच पानावर. बाई जिंकल्या तर गावात ढोल वाजवा, नाचा, आमची ना नाही, आम्हीही नाचू. पण आपल्या बॅनरवर कोणाचा फोटो लागणार नाही, आणि कोणत्याही पक्षाच्या सत्काराच्या गाडीत संघटनेचा झेंडा जाणार नाही.

काही साथी यालाही तयार नाहीत. त्यांचं म्हणणं, पाठिंबा पेपरात येईल, अटी येणार नाहीत. भीती खोटी नाही. पेपरवाले अर्धंच छापतील. पण गप्प बसलो तर काय होईल तेही पाहा. उद्या कोणीही गावात येऊन सांगेल, संघटनेला आदिवासी बाई मोठी झालेली पाहवत नाही. मग नियमांविरुद्धच्या सहीला तीच म्हातारी अंगठा देणार नाही, जी आज आम्हाला गप्प काऊन म्हणून विचारते. आम्हाला त्या म्हातारीचा अंगठा पाहिजे. ज्यांना पटलं नसेल त्यांनी पत्रावर सही करू नये, त्यांच्यावर कोणी रागावणार नाही. नियमांविरुद्धच्या ठरावावर मात्र सगळ्यांच्या सह्या पाहिजेत.

१८ तारखेलाच संसदेचं अधिवेशन सुरू होतं. हे नियम संसदेपुढं ठेवावे लागतात. म्हणजे खासदार त्या दिवशी बाईंना मत देतील आणि त्याच अधिवेशनात या नियमांवर बोलायचं की तोंड मिटून बसायचं, हेही ठरवतील. पत्र त्यांच्या हातात त्याआधी पडलं पाहिजे. आमदार मुंबईला निघाले असतील, म्हणून फोटो काढून फोनवर पाठवा आणि कागद त्यांच्या ऑफिसात देऊन पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय परतायचं नाही.

दुसरं पत्र राष्ट्रपती भवनाच्या पत्त्यावर, नवे राष्ट्रपती २५ तारखेला शपथ घेतल्यावर. त्यात दोनच मागण्या: भंडाऱ्याच्या आदिवासी गावांचा अनुसूचित क्षेत्रात समावेश, आणि नव्या नियमांवर सरकारकडून खुलासा. त्यासोबत प्रत्येक गावाच्या ग्रामसभेचा ठराव जोडायचा आहे. ठरावावर तारीख, हजर माणसांची संख्या आणि बायांच्या सह्या वेगळ्या. मराठीतच लिहा, हिंदी भाषांतर आम्ही करून जोडू. ज्या गावांनी कोऱ्या ठरावाचे कागद नेले नाहीत, त्यांनी जाताना इथूनच घ्या. पाऊस आहे, पन्नीत गुंडाळून न्या.