कान, नाक, घसा : एका घराचे तीन दरवाजे
(संस्थेच्या आरोग्य मार्गदर्शन कार्यक्रमात दिलेले भाषण)



आजच्या विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार काय, असे कोणी विचारील. आम्ही डॉक्टर नाही. कला शाखेचे पदवीधर आणि बँकेतले कारकून आहोत. परंतु बँकेच्या खिडकीमागे बसणाऱ्याला एक गोष्ट रोज दिसते. समोरच्या माणसाला ऐकू येत नसले तरी तो तसे सांगत नाही. मान डोलावतो, 'हो हो' म्हणतो आणि भलत्याच रकान्यात सही करून जातो. चष्मा लावण्याची लाज आता कोणाला वाटत नाही. पण कमी ऐकू येते हे सांगण्याची लाज अजून वाटते. मोठ्यांचे एक वेळ सोडा. लहान मुलाला तर आपल्याला कमी ऐकू येते हे ठाऊकच नसते. त्याला वाटते, जग एवढ्याच हळू आवाजात बोलते. त्या मुलासाठी आम्ही हा विषय घेतला आहे.

प्रथम एक साधा प्रश्न. डोळ्यांचा डॉक्टर वेगळा, दातांचा वेगळा. मग कान, नाक आणि घसा या तिघांचा डॉक्टर एकच का? कारण ही तीन वेगळी घरे नाहीत, एकाच घराचे तीन दरवाजे आहेत. कानाच्या पडद्यामागे एक छोटी पोकळी असते. तिला मध्यकर्ण म्हणतात. त्या पोकळीत हातोडी, ऐरण आणि रिकीब या आकारांची तीन इवलीशी हाडे असतात व ती पडद्याची थरथर आतल्या कानाला पोचवितात. या पोकळीतून एक बारीक नळी नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात उघडते. तिचे नाव युस्टेशियन नळी. एस.टी. घाट चढू लागली की कानाला दडे बसतात आणि आवंढा गिळला की ते सुटतात, हा सर्वांचा अनुभव आहे. ते काम या नळीचे.

लहान मुलांत ही नळी आखूड आणि जवळजवळ आडवी असते. त्यामुळे सर्दीचा संसर्ग नाकातून कानात सहज शिरतो. नाकामागची गाठ, म्हणजे ॲडिनॉइड, सुजली की नळीचे तोंडच बंद होते. मग मूल तोंडाने श्वास घेते, रात्री घोरते आणि मध्यकर्णात पाणी साचते. त्यात पू झाला की कान ठणकतो. पुढे पडद्याला भोक पडून पू बाहेर येतो. यालाच आपण 'कान फुटला' म्हणतो. पू आला की ठणका थांबतो आणि घरचे म्हणतात, बरे झाले. कित्येकदा पडदा आपोआप भरून येतो हे खरे. पण भरला की नाही हे कानात पाहिल्याशिवाय समजत नाही. भोक तसेच राहिले तर कान वर्षानुवर्षे वाहत राहतो.

आमच्या अभ्यासवर्गात एक मुलगा येत असे. नाव सांगण्याचे कारण नाही. गणित फळ्यावर लिहिले की अचूक सोडवी, तोंडी विचारले की गप्प बसे. शुद्धलेखनात 'पाट' आणि 'भात' यांचा घोटाळा करी. शाळेत त्याची बैठक शेवटच्या बाकावर, कारण तो 'ढ' ठरला होता. त्याचा एक कान तिसरीपासून वाहत होता. तपासणीत दोन्ही कानांनी कमी ऐकू येत असल्याचे निघाले. वाहत्या कानाच्या पडद्याला भोक होते, दुसऱ्यात पाणी साचले होते. उपचार झाले. त्याच्या बुद्धीला काही झालेले नव्हते. शिक्षकांचे निम्मे बोलणे त्याच्यापर्यंत पोचतच नव्हते. आता आपण मोजावे, आपल्या वस्त्यांतून अशी किती मुले शेवटच्या बाकावरून शाळेबाहेर गेली असतील.

आता निदान कसे होते ते पाहू, म्हणजे तपासणीची भीती जाईल. डॉक्टर ऑटोस्कोप या दिव्याच्या उपकरणातून पडदा पाहतात. नंतर नादकाटा वाजवून तो एकदा कानासमोर व एकदा कानामागच्या हाडावर धरतात. निरोगी कानाला समोरचा आवाज जास्त वेळ ऐकू येतो. हाडावरचाच जास्त ऐकू आला तर दोष बाहेरच्या किंवा मधल्या कानात आहे असे समजते, आणि असा दोष बहुधा औषधाने किंवा शस्त्रक्रियेने सुधारता येतो. जर्मन वैद्य रिने यांनी १८५५ साली ही चाचणी सांगितली. ती आजही रोजच्या वापरात आहे. त्यानंतर ऑडिओमेट्रीने किती डेसिबलपर्यंत ऐकू येते याचा आलेख काढतात. तान्ह्या बाळाला 'ऐकू आले का' असे विचारता येत नाही, त्याच्यासाठी ओ.ए.ई. आणि बेरा या चाचण्या आहेत. यांपैकी कोणतीही चाचणी दुखत नाही.

जन्मलेल्या बाळाची श्रवणचाचणी पहिल्या महिन्यात, दोष असल्यास पक्के निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपचाराची सुरुवात सहाव्या महिन्यापर्यंत व्हावी, असे तज्ज्ञ सांगतात. कारण भाषा कानातून शिकली जाते. 'आमच्याकडे मुले उशिराच बोलतात' असे म्हणत तीन वर्षे वाट पाहिली, तर ती वर्षे परत मिळत नाहीत.

उपचाराचे सूत्र एका वाक्यात सांगता येईल : वाहता कान कोरडा ठेवा. डॉक्टरांनी दाखविल्याप्रमाणे स्वच्छ कापडाच्या वातीने पू टिपावा, त्यांनी दिलेलेच थेंब टाकावेत, आंघोळीच्या वेळी व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा कानात ठेवावा आणि विहिरीत किंवा नदीत डुंबणे बंद करावे. भोक भरून आले नाही तर कानाच्या वरच्या स्नायूवरील पातळ पापुद्रा घेऊन नवा पडदा बसविता येतो. या शस्त्रक्रियेला टिंपॅनोप्लास्टी म्हणतात.

मात्र एक प्रकार धोक्याचा आहे. पू थोडाच, पण त्याला घाण वास, अशा कानात कोलेस्टिॲटोमा नावाची वाढ असू शकते. ती आजूबाजूचे हाड खात जाते. कान वाहत असताना कानामागे सूज, चक्कर, तोंड वाकडे होणे, जोराची डोकेदुखी किंवा ताप यांतील काहीही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. संसर्ग मेंदूपर्यंत पोचू शकतो.

काही गोष्टी आजपासून सोडू या. कानात कोमट तेल, लसणीचे तेल, दूध घालणे बंद. पडद्याला भोक असेल तर ते सरळ मध्यकर्णात जाते. हेअरपिन, काडेपेटीची काडी, किल्ली कानात घालणे बंद. कानातला मळ ही घाण नव्हे, ते कानाचे संरक्षण आहे व बहुधा आपोआप बाहेर येते. आणि मुलाच्या कानाखाली वाजविणे बंद. त्या एका फटक्याने पडदा फाटू शकतो.

नाक आणि घशाविषयीही थोडे. नाकातून रक्त आले तर माणसाला आडवे करू नये. बसवून, मान किंचित पुढे झुकवून, नाकाचा मऊ भाग दहा ते पंधरा मिनिटे चिमटीत धरावा व तोंडाने श्वास घ्यावा. मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल तर आत मणी, शेंगदाणा अडकला असण्याची शंका घ्यावी. खेळण्यातील बटणासारखी बॅटरी नाकात किंवा कानात गेली तर एक तासही दवडू नये. घसा दुखणे बहुतेक वेळा आपोआप बरे होते. परंतु शाळकरी मुलांत विशिष्ट जंतूंमुळे आलेल्या घसादुखीवर उपचार झाले नाहीत, तर पुढे संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात. आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला असेल तर घसा तपासून घ्यावा. तंबाखू, मिश्री किंवा गुटखा घेणाऱ्याने तर टाळाटाळ करूच नये.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली श्रवणाविषयी अहवाल प्रसिद्ध केला. लहान मुलांतील सुमारे ६० टक्के बहिरेपण टाळता येण्याजोग्या कारणांनी येते, असे त्यात म्हटले आहे. टाळता येण्याजोगे! हा शब्द आपल्याला झोप लागू देणारा नाही. याच संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास सोसतो, पण ९० डेसिबलचा फक्त ४ तास. आपल्या मिरवणुकीत कर्ण्यांच्या भिंतीपुढे आपलीच पोरे तासन् तास नाचतात. दुसऱ्यांच्या मिरवणुकीकडे बोट दाखविण्यापूर्वी आपण आपला आवाज कमी करू या.

सोयी नाहीत असे नाही. बहिरेपणा प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६-०७ साली सुरू झाला. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाडीतील व शाळेतील मुलांच्या तपासणीत कानांचे विकारही पाहावयाचे असतात. मुंबईत वांद्रे येथे १९८३ पासून अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था श्रवणदोषासाठी काम करते. सोय आणि गरजू यांच्यामध्ये जे अंतर आहे, ते कोणीतरी चालून पार करावे लागते. ते काम संस्थेचे.

म्हणून सभासदांना विनंती की, दर ३ मार्चला, जागतिक श्रवणदिनी, आपल्या वस्तीतील मुलांची कानतपासणी ठेवावी. विद्यार्थी मित्रांनो, तुम्हालाही एक काम आहे. तुमच्या वर्गात जो वारंवार 'काय?' म्हणतो, त्याला हसू नका. त्याच्या आईला सांगा, कान दाखवून घ्या म्हणून. आणि आजी-आजोबांना यंत्र हवे असेल तर ते घेण्यास सोबत जा. म्हातारपण आहे म्हणून त्यांनी गप्प बसावे असे कोठेही लिहिलेले नाही.