परिचारिका आणि जर्मनीचा व्हिसा

जर्मनीत परिचारिकांची कमतरता आहे.
तिथली रुग्णालये परदेशी परिचारिकांना नोकरी देतात.
महाराष्ट्र शासनाने 2024 मध्ये बाडेन-वुर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी करार केला.
कुशल मनुष्यबळाच्या या करारात परिचारिकाही येतात.

म्हणजे कोल्हापुरात नर्सिंग शिकलेल्यांनाही ही वाट खुली आहे.
पण आधी भाषा.
रुग्णाला कुठे दुखते, हे त्याच्याच भाषेत विचारावे लागते.
पूर्ण मान्यतेसाठी साधारणपणे बी-टू पातळीची जर्मन लागते.
अनेकींची गाडी इथेच अडते.

मग पदवीची मान्यता.
शिक्षणात काही कमी आढळले, तर जर्मनीत प्रशिक्षण घेता येते किंवा परीक्षा देता येते.
त्या काळासाठी वेगळा व्हिसा असतो.
तोवर सहायक म्हणून काम मिळू शकते.
मान्यतेनंतर परिचारिकेचा परवाना.
थोडक्यात, आधी भाषा, मग मान्यता.

आता परदेशात नोकरी मिळवून देणारा एजंट.
तो नोंदणीकृत आहे का, हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर दिसते.
उमेदवाराकडून त्याला जास्तीत जास्त 30 हजार रुपये सेवाशुल्क घेता येते.
त्यावर फक्त जीएसटी.
लाखांत पैसे मागणारा एजंट नियम मोडतो आहे.
पैसे देण्याआधी नोंदणी जरूर तपासावी.