बिनफीची विद्या आणि कामगार



आम्हाला व्याख्यानाचे आमंत्रण देताना चिटणीसांनी विषय आमच्यावरच सोपवला होता. संपाविषयी, बोनसविषयी किंवा कंत्राटी पद्धतीविषयी आम्ही बोलू अशी त्यांची कल्पना असावी. तेव्हा 'संगणकाचे प्रोग्रॅम लिहिण्याचे बिनफीचे शिक्षण' हा विषय आम्ही कळवला, त्या वेळी त्यांनी तो दोनदा वाचला असे ऐकतो. आमचे स्वतःचे शालेय शिक्षण अकरावीच्या अलीकडेच थांबले. पुढचे जे काही शिकलो ते वाचनालयात, न्यायालयाच्या व्हरांड्यात आणि गेटसभांत. तेव्हा या विषयावर आम्ही अधिकाराने बोलतो असे नव्हे. बोलण्याचे कारण निराळे आहे, आणि ते आमच्या एका चुकीत आहे.

१९९६ सालची गोष्ट. या पट्ट्यातल्या एका रासायनिक कारखान्यात रिअ‍ॅक्टरवर काम करणारे ऑपरेटर आमच्या युनियनचे सभासद होते. व्यवस्थापनाने नोटीस लावली की, यापुढे व्हॉल्व्ह हाताने फिरवायचे नाहीत, संगणकाच्या पॅनेलवरून चालवायचे, आणि त्यासाठी सहा आठवड्यांचे शिक्षण मिळेल. आम्ही गेटसभा घेतली. नव्या कामाचा दर ठरल्याखेरीज कोणी शिकायला बसायचे नाही, असा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. दराची मागणी रास्त होती, हे आम्ही आजही म्हणू. परंतु बोलणी चार महिने लांबली, तोवर पॅनेलवर बाहेरची पदविकाधारक मुले बसली. आणि पुढे स्वेच्छानिवृत्तीची योजना आली तेव्हा 'अतिरिक्त' म्हणून पहिली नावे लागली ती आमच्या या ऑपरेटरांचीच. त्यांतले एक गृहस्थ गेल्या वर्षी धाकट्या मुलाला घेऊन आमच्या कचेरीत आले. मुलाला कोठे संगणक शिकवता येईल, असे विचारू लागले. आम्ही उत्साहाने सांगू लागलो, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "दादा, तेव्हा तुम्हीच नको बोललात. आता शिका बोलता." त्यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते.

यंत्राला आडवे जाणारे आम्हीच पहिले नव्हतो. आमच्या आधीच्या पिढीने बँकांत याच प्रश्नावर झगडून ८ सप्टेंबर १९८३ रोजी करार केला होता. यंत्रे किती आणि कोठे आणायची यावर त्यात मर्यादा घातल्या होत्या. मौजेची गोष्ट अशी की, त्याच महिन्याच्या २७ तारखेला अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन नावाच्या एका प्रोग्रॅमरने जाहीर केले की, आपण असे सॉफ्टवेअर लिहिणार जे कोणीही वापरावे, उघडून पाहावे, बदलावे आणि शेजाऱ्याला द्यावे. इकडे आम्ही यंत्र येऊ नये म्हणून भांडत होतो, तिकडे यंत्राची विद्या कोणा एकाच्या मालकीची होऊ नये म्हणून एक जण भांडायला निघाला होता. दोन्ही भांडणांचे नाते आम्हाला समजायला तीस वर्षे लागली!

दरम्यान कोलशेत रस्त्याचे काय झाले ते आपण पाहिलेच आहे. क्लॅरियंट कंपनीने २०१४ साली येथली सुमारे ८७ एकर जमीन ११५४ कोटी रुपयांना विकण्याचा करार केला. जिथे रंगरसायने होत होती तिथे आज मनोरे उभे आहेत. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ निघाले तेव्हाची त्याची पहिली वसाहत म्हणजे आपली वागळे इस्टेट. तिथेही लेथच्या जागी काचेच्या कचेऱ्या आल्या. बाळकुमच्या मुलाला आज खाडीपूल ओलांडून काशेळी-भिवंडीच्या गोदामात माल चढवायचा, की घोडबंदर रस्त्यावरच्या कचेरीत संगणकावर बसायचे, असे दोनच रस्ते दिसतात. आणि दुसऱ्या रस्त्यावर जकात नाका आहे, तो शिक्षणाचा.

हा नाका बिनपैशाने ओलांडता येतो काय? येतो, निदान कागदोपत्री येतो. त्याचे उत्तम उदाहरण आपल्या शेजारी पवईला आहे. आयआयटीतील रासायनिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने, केंद्र सरकारच्या शिक्षण खात्याच्या पैशावर, 'स्पोकन ट्युटोरियल' हा उपक्रम उभा राहिला. रसायनाचा माणूस आणि संगणकाचे शिक्षण! आम्हा कोलशेतवाल्यांना ही जोडी विशेष आवडली. त्यांची रीत साधी आहे. दहा-बारा मिनिटांचा एकेक पाठ. पडद्यावर प्रोग्रॅम घडताना दिसतो आणि आवाज आपल्या भाषेत समजावतो. अनेक पाठ मराठीतही आहेत. अर्ध्या पडद्यावर पाठ ठेवायचा, अर्ध्यावर आपण तेच करून पाहायचे, चुकले की मागे जायचे. पायथॉन, जावा, सी, लिनक्स, सगळी साधने मुक्त. म्हणजे शिकून झाल्यावर घरी नेण्यास कोणाचा परवाना नको. आंतरजाल नसेल तर पाठ उतरवून घेऊनही चालतात.

आता, प्रोग्रॅम लिहिणे म्हणजे काय, याची धास्ती घेतलेल्यांसाठी दोन शब्द. आमच्या जुन्या ऑपरेटरच्या लॉगशीटवर लिहिलेले असे : 'तापमान ऐंशीवर गेले तर वाफ बंद करा, दर पंधरा मिनिटांनी नोंद घ्या, दाब वाढला तर सुपरवायझरला कळवा.' 'तर' आणि 'दर' हे दोन शब्द ज्याला नीट कळले त्याला प्रोग्रॅमचा अर्धा गाभा कळला. बाकीचे व्याकरण आहे, आणि ते सरावाने येते. हे गुपित आम्हाला कोणा प्राध्यापकाने सांगितले नाही. वर सांगितलेल्या गृहस्थांनीच मुलाच्या खांद्यावरून पडद्याकडे पाहत सांगितले : "ही तर आपली लॉगशीट." १९९६ साली त्यांना पॅनेल शिकता आले नसते असे कोण म्हणेल?

तर आम्ही बाळकुम नाक्याजवळच्या युनियनच्या खोलीत चार जुने संगणक मांडले आणि संध्याकाळचा वर्ग सुरू केला. वर्ग म्हणजे शिक्षक नाही. पाठ चालू, आणि अडले तर एकमेकांना विचारायचे. पहिल्या दिवशी सतरा जण आले. तीन महिन्यांनी पाच उरले. आम्ही चिडलो, 'आजकालच्या पोरांना चिकाटी नाही' वगैरे बोलून मोकळे झालो. मग एकेकाच्या घरी गेलो. एक जण गोदामात बारा तासांच्या पाळीवर. पाळी आठवड्याला बदलते, म्हणून एक आठवडा येतो आणि दुसरा बुडतो. एका बाईंची अडचण अशी की वर्ग साडेनऊला सुटतो आणि त्यानंतर घरी भाकरी थापायच्या असतात. एक चाळिशीचा फिटर. त्याला पाठ समजत होते, परंतु घरात दोन महिने पगार नव्हता, म्हणून त्याने रिक्षा धरली. चिकाटीचा प्रश्न एकाही घरात आढळला नाही. फी शून्य होती हे खरे, पण वेळेची किंमत प्रत्येकाला रोख मोजावी लागत होती.

बिनफीच्या शिक्षणाची जाहिरात करणारे हा हिशेब कधी मांडत नाहीत. आणि काही तर याहून वाईट. आमच्या एका सभासदाच्या मुलीने 'आधी शिका, नोकरी लागल्यावर पैसे द्या' अशा एका संस्थेचा कागद सही करून दिला. नोकरी लागली ती संगणकावर फोन घेण्याची. प्रोग्रॅमशी तिचा काडीमात्र संबंध नव्हता. तरी पगारातून हप्ते सुरू झाले. तो कागद आम्ही भिंग घेऊन वाचला. 'नोकरी' या शब्दाची व्याख्या सातव्या पानावर होती. कोणताही कागद सही करण्यापूर्वी आमच्या खोलीवर आणा, एवढे या व्यासपीठावरून मागतो.

मग वेळेचे पैसे कोणी द्यायचे? औद्योगिक संबंध संहिता २०२० साली मंजूर झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिच्यात कामगारांच्या पुनर्कौशल्यासाठी निधी सांगितला आहे : कपात झालेल्या कामगारामागे मालकाने पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम द्यायची. तत्त्व मान्य झाले याचा आम्हाला आनंद आहे. परंतु पंधरा दिवसांत माणूस काय शिकेल? आमच्या पाच जणांपैकी सर्वांत हुशाराला स्वतःचा पहिला उपयोगी प्रोग्रॅम लिहायला आठ महिने लागले. शिवाय कंत्राटी कामगाराला कपातीची नोटीसच मिळत नाही, त्याचे कंत्राट नुसते संपते. त्याच्या खात्यात हे पंधरा दिवसही यायचे नाहीत. यापुढच्या प्रत्येक मागणीपत्रात आम्ही बोनसच्या शेजारी एक कलम घालणार आहो : शिकणाऱ्याला स्थिर पाळी, आणि आठवड्याला चार तास पगारी.

हे काही नवे नाही. ना. म. जोशी यांनी १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली, आणि तिने गिरणगावात रात्रशाळा व वाचनालये चालवली. पुढे याच जोशींनी आयटकची उभारणी केली. शाळा आणि युनियन ही त्या माणसाला दोन कामे वाटली नाहीत. मधल्या काळात आम्हीच ती वेगळी केली.

नोकरीचे म्हणाल तर आम्ही कोणाला स्वप्न विकणार नाही. २०२५ च्या जुलैमध्ये टाटा कन्सल्टन्सीसारख्या कंपनीने सुमारे १२ हजार माणसे कमी करण्याचे जाहीर केले. प्रोग्रॅम लिहून देणारी यंत्रेही आता आली आहेत, आणि नवशिक्याची जी सोपी कामे असत ती हीच यंत्रे आधी खाणार अशी आमची भीती आहे. मग शिकायचे कशाला, असे आम्हाला विचारतात. १९९६ साली आम्हीही जवळजवळ हेच विचारले होते.

त्या पाच जणांतला एक काशेळीच्या गोदामात हमालीची टॅली लिहीत असे. त्याने आलेल्या-गेलेल्या मालाचा मेळ घालणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला; रोजचे दोन तासांचे काम वीस मिनिटांवर आले. मालकाने त्याला कचेरीत घेतले, पगार अडीच हजारांनी वाढवला. ही मोठी 'करिअर' नव्हे. शिवाय टॅली लिहिणाऱ्या दुसऱ्या माणसाचे काय, हा प्रश्न त्यानेच आमच्यापुढे ठेवला, आणि त्या माणसाला तो सध्या रविवारी आमच्या खोलीत शिकवतो आहे.

खोलीची किल्ली नाक्यावरच्या चहावाल्याकडे असते. बायकांसाठी वर्ग आता दुपारी दोन ते चार केला आहे, आणि पाळी बदलणाऱ्यांसाठी रविवारी सकाळी. संगणक चारच आहेत. कोणाकडे जुना पडून असेल तर तो बंद पडलेलाही चालेल, आमच्याकडे दुरुस्त करणारा फिटर आहे. रिक्षाच्या दोन खेपांमध्ये तो येऊन बसतो.