सशाच्या कानांची टोपी



कामगार चळवळीतल्या माणसाला व्याख्यानाला बोलावले म्हणजे तो बोनस नाहीतर महागाईभत्ता यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची अटकळ असते. आम्ही आज टोपीवर बोलणार आहोत. टोपी पुढाऱ्याची नव्हे. मावश्या-आत्या तान्ह्या भाच्यांसाठी लोकरीची विणतात ती, सशाचे कान असलेली.

बाळाच्या डोक्यावर काही गमतीचे चढवण्याची हौस आपल्याकडे जुनीच आहे. बाळंतविड्यात टोपडे हवे, बारशाला गोंड्यांची कुंची हवी, बोरन्हाणाला काळे झबले नि हलव्याचा मुकुट हवा. दोन सुया हाती आल्यावर त्याच हौसेला ससा, अस्वल आणि वाघ सापडले. नवी मुंबईत थंडी ती किती! टोपी फोटो निघेपर्यंत डोक्यावर टिकते. मग बाळ ती ओढून तिचा कान चघळत बसते. तरी मावशीच्या सुया थांबत नाहीत.

आम्ही जन्मभर तासांचा हिशेब मागितला, म्हणून याही कामाचा मांडून पाहिला. घेर ८० टाक्यांचा, ओळी ५०. म्हणजे ४००० टाके. वर आटवताना टाके कमी होतात, पण तेवढे दोन कानांत भरून निघतात. सराईत हाताने मिनिटाला २५ टाके धरले तरी २ तास ४० मिनिटे झाली. चुकलेली ओळ उसवणे, कान शिवणे, गोंडा बांधणे धरून चार तास समजा. पनवेल ते मुंबई लोकलच्या तीन खेपा, आणि त्याही बसायला जागा मिळाली तर!

मावशीला हा हिशेब दाखवावा तर ती हसते, आणि ते योग्यच आहे. भेटीला दर लावणारा माणूस आम्हांला तरी नको. परंतु तीच टोपी एखादा व्यापारी पाहतो आणि म्हणतो, "बाई, अशा पन्नास करून द्या. घरबसल्याच तर करायच्या!" या 'घरबसल्या' शब्दाशी आमचे भांडण आहे. भाच्यासाठी ती फुकट विणते, म्हणून परक्यासाठी जवळजवळ फुकट विणील, असा त्यात हिशेब असतो. मायेने दिलेले चार तास दुसऱ्याच्या नफ्यात जमा होतात, आणि वर 'रिकामपणचा उद्योग' म्हणून तिचीच बोळवण होते.

हे दुखणे आजचे नाही. इंग्लंडात विल्यम ली याने १५८९ मध्ये मोजे विणण्याचे यंत्र काढले. पुढे नॉटिंगहॅमकडचे विणकर भाड्याच्या यंत्रांवर घरोघर नगाच्या दराने राबू लागले. दर उतरले, हलका माल बाजारात आला, तेव्हा १८११ मध्ये त्यांनी यंत्रे फोडली. १८१२ मध्ये पार्लमेंटने त्याला फाशीची शिक्षा ठरवली. त्या लोकांना यंत्रद्वेष्टे म्हणण्याची चाल पडली आहे. आमच्या मते त्यांचे मुख्य भांडण दराशी होते.

आपल्याकडे १९४८ च्या किमान वेतन कायद्यात नगावर किमान दर ठरवण्याची सोय होती, २०१९ च्या वेतन संहितेतही ती आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ मध्ये घरी काम करणाऱ्यांसाठी १७७ क्रमांकाचा करार संमत केला. भारताने त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही. पण कायदा दारात येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. पन्नास टोप्यांचे काम आले तर शेजारच्या चौघींनी आधी एकत्र बसावे, एकीने एक टोपी घड्याळ लावून विणावी आणि सर्वांनी मिळून एकच दर सांगावा. लोकरीचा खर्च वेगळा धरावा. कान शिवायचा वेळही वेगळा लिहावा. व्यापारी तो हमखास विसरतो.