नेमणुकीची खुर्ची

(सुवर्णमहोत्सवानिमित्त अण्णा नगर येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



विषय मीच निवडला. शासनाने नेमावयाच्या मंडळांवर, महामंडळांवर आणि आयोगांवर स्त्रियांना स्थान किती, हा तो विषय. कार्यवाहांनी तो ऐकला आणि "जरा रुक्ष नाही का होणार?" असे हळूच विचारले. रुक्ष तो आहेच. परंतु त्यातील काही मोठी प्रकरणे आपल्या याच शहरात घडली आहेत, आणि त्यांपैकी एक तर कुलाब्याच्या देशमुखांच्या घरापर्यंत जाऊन पोहोचते.

1926 साली मद्रास इलाख्यात स्त्रियांना कायदेमंडळाच्या निवडणुकीस उभे राहण्याची मुभा मिळाली. कमलादेवी चट्टोपाध्याय उभ्या राहिल्या आणि थोडक्या मतांनी पडल्या. त्याच सुमारास सरकारने डॉ. मुत्तुलक्ष्मी रेड्डी यांना कायदेमंडळावर नेमले, आणि पुढे सभागृहाने त्यांना उपाध्यक्षपद दिले. देवदासी प्रथेविरुद्धचा ठराव त्यांनी 1927 मध्ये मांडला. त्या लढ्याचे कायद्यात रूपांतर व्हावयास 1947 साल उजाडले. मतदारांनी जे दार एकीला उघडले नाही, ते दुसरीसाठी नेमणुकीच्या एका सहीने उघडले.

दुर्गाबाईंची कथा याच जातीची. राजमहेंद्रीत जन्म, आठव्या वर्षी लग्न, कळत्या वयात त्या विवाहास नकार, नंतर जिद्दीने शिक्षण आणि मद्रास उच्च न्यायालयात वकिली. आंध्र महिला सभा त्यांनी याच शहरात उभी केली. घटना समितीत त्या होत्या. तरीही पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत त्यांचा पराभव झाला. पंडित नेहरूंनी त्यांना 1952 मध्ये योजना आयोगावर नेमले. अर्थमंत्री या नात्याने चिंतामणराव देशमुख त्याच आयोगाचे सभासद होते. जानेवारी 1953 मध्ये दोघे विवाहबद्ध झाले. (लग्ने जुळविण्यासाठी शासनाने आयोग नेमावेत, असे मी सुचवीत नाही.) त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मध्यवर्ती समाजकल्याण मंडळ स्थापन झाले. दुर्गाबाई त्याच्या पहिल्या अध्यक्षा होत्या. स्वयंसेवी संस्थांना साहाय्य देण्यासाठी पहिल्या पंचवार्षिक योजनेत 4 कोटी रुपयांची तरतूद होती. ज्या मेजावर पैशाची वाटणी होते त्या मेजाशी त्या बसल्या होत्या, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

आता यातील खोच पाहा. ज्या मंडळाच्या नावात 'समाजकल्याण' किंवा 'महिला' हा शब्द आहे, तेथे अध्यक्षपदी स्त्री नेमण्यास शासनाने सहसा कधी खळखळ केली नाही. रेल्वे बोर्ड 1905 साली स्थापन झाले. त्याच्या अध्यक्षपदी पहिली स्त्री, जया वर्मा सिन्हा, 2023 साली आली. रिझर्व्ह बँक 1935 पासून आहे. चिंतामणराव तिचे पहिले भारतीय गव्हर्नर. त्या पदावर आजवर एकही स्त्री बसलेली नाही. डेप्युटी गव्हर्नरपदी पहिली स्त्रीदेखील 2003 मध्ये आली. कल्याणाचे वाटप बाईच्या हाती आणि तिजोरीची किल्ली पुरुषाच्या कमरेला, असा हा संसार आहे.

"लायक बाया मिळत नाहीत हो," असे उत्तर येते. ते मी खोडसाळ मानीत नाही, अपुरे मानते. मोठ्या नेमणुकांसाठी नावे बहुधा ज्येष्ठ निवृत्त अधिकाऱ्यांतून निघतात. त्या यादीत स्त्रिया कमी का? 1951 साली अण्णा राजम भारतीय प्रशासन सेवेत दाखल झाल्या आणि मद्रास राज्यात रुजू झाल्या. लग्न केल्यास नोकरी संपेल, अशी अट त्या काळी स्त्री अधिकाऱ्यांच्या नेमणुकीत असे. परराष्ट्र सेवेतील अशाच नियमांविरुद्ध सी. बी. मुथम्मा यांना सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. त्याचा निकाल 1979 चा. ज्यांची वाट अशी तीस वर्षे अडवून ठेवली, त्या तिसाव्या वर्षी यादीत दिसत नाहीत म्हणून आश्चर्य कसले करावयाचे? अट पुढे गेली आणि अण्णा राजम मल्होत्रा टिकल्या. आपल्या न्हावा-शेवा बंदराच्या उभारणीची धुरा त्यांनी वाहिली. बंदर म्हणजे काही कल्याणखाते नव्हे.

कायद्याने काय साधते? 2013 च्या कंपनी कायद्याने शेअर बाजारात सूचीबद्ध कंपन्यांच्या संचालक मंडळावर किमान एक स्त्री सक्तीची केली. खाजगी कंपन्यांनी निदान एक नाव शोधले. मौज पुढेच आहे. 2023-24 मध्ये काही सरकारी तेल कंपन्यांना संचालक मंडळाची रचना नियमानुसार नसल्याबद्दल शेअर बाजारांनी दंड केला. त्या नियमांत स्त्री संचालकाचाही नियम होता. कंपन्यांचे उत्तर असे, की संचालक नेमण्याचा अधिकार मंत्रालयाचा, आमचा नव्हे. म्हणजे कायदा सरकारचा, नेमणूक सरकारची आणि दंड मात्र कंपनीला! नॉर्वेने 1988 मध्येच सरकारी समित्यांवर स्त्री आणि पुरुष दोघेही किमान 40 टक्के असावेत, असा नियम केला. आपल्याकडे महाराष्ट्राने 2011 साली स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांना दिल्या, तमिळनाडूनेही तोच मार्ग धरला. पण ही आरक्षणे निवडून येण्याच्या जागांची आहेत. जेथे मते मागावी लागत नाहीत, जेथे एका सहीने काम भागते, तेथेच हात आखडतो.

'किमान एक' या शब्दांविषयी माझा एक अनुभव सांगते. एका सल्लागार समितीवर मी तीन वर्षे होते. अकरा सभासदांत मी एकटी. हिशेबावर बोलू लागले की अध्यक्ष अत्यंत सौजन्याने म्हणत, "बाईंना स्त्रियांची बाजू मांडावयाची आहे." मला व्याजाच्या दराची बाजू मांडावयाची असे. दुसऱ्या वर्षी आणखी एक भगिनी आल्या. पहिल्याच सभेत आमचे दोघींचे कडाक्याचे भांडण झाले, आणि त्या दिवसापासून मी समस्त स्त्रीजातीची प्रतिनिधी उरले नाही. एक सभासद झाले. एकटीला 'बाई' म्हणून ऐकतात, दोघींना माणसे म्हणून ऐकू लागतात.

आता थोडे घरचे. पन्नास वर्षे या मंडळाचे हळदीकुंकू, कोजागिरी, गणेशोत्सवातील नैवेद्य आणि नाटकांच्या तालमी भगिनींनी सांभाळल्या. कार्यकारिणीवर त्या निवडूनही आल्या. परंतु विश्वस्त मंडळावर, म्हणजे जेथे आपण निवडणूक न घेता नेमणूक करतो आणि वास्तुनिधीच्या ठेवी जेथे ठरतात तेथे, आजवर एकही आली नाही. शासनाला नावे ठेवताना माझी जीभ थोडी अडखळली, ती यामुळेच. येत्या वार्षिक सभेत तेथील दोन जागा भरावयाच्या आहेत. एक सेवानिवृत्त बँक अधिकारी, एक सनदी लेखापाल, एक वकील आणि एक शाळेच्या माजी मुख्याध्यापिका, अशा चौघींची नावे त्यांच्या लेखी संमतीसह मी आज दुपारीच कार्यवाहांच्या स्वाधीन केली आहेत.