पाड्यापर्यंत पोहोचणारा आधार

विक्रोळी–जोगेश्वरी जोडरस्ता पवईच्या पुढे ज्या आरे वसाहतीच्या कडेने जातो, तिच्या पाड्यांवर 1949 साली दुग्धवसाहत स्थापन होण्यापूर्वीपासून राहत आलेली वारली, कोकणा, मल्हार कोळी अशी आदिवासी कुटुंबे आहेत. महानगराच्या इतक्या जवळ असूनही शासकीय आधार त्यांच्यापर्यंत पोहोचतो तो मुख्यतः कागदपत्रांच्या वाटेने.

अनुसूचित जमातीचा दाखला आणि त्याची पडताळणी, म्हणजेच जात वैधता प्रमाणपत्र, यांसाठी कुटुंबातील 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचे पुरावे महत्त्वाचे ठरतात; ज्या घरात आजोबांनी शाळेचे तोंडच पाहिले नाही, तेथे जन्ममृत्यूच्या वा महसुली नोंदी धुंडाळाव्या लागतात. हे प्रमाणपत्र हाती आले, की राखीव जागांवरील व्यावसायिक शिक्षणाची वाट मोकळी होते. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या पात्र विद्यार्थ्याच्या निवास-भोजनाचा खर्च पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजनेतून थेट बँक खात्यात जमा होतो, तर स्वयंरोजगारासाठी नाशिक येथील शबरी आदिवासी वित्त व विकास महामंडळ कर्ज देते.

स्वयंरोजगाराचा एक मार्ग ठरू शकणाऱ्या वारली चित्रकलेला 2014 साली भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी निगडित उत्पादनाला मिळणारे कायदेशीर संरक्षण, लाभले. आरोग्याच्या बाबतीत, आदिवासी समाजात अधिक आढळणाऱ्या सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक विकाराची तपासणी विवाहापूर्वीच करून घेणे हिताचे असते. हा सारा आधार कागदपत्रांत न अडकता घरापर्यंत पोहोचावा, यासाठी दाखले, कर्ज आणि तपासणी यांची शिबिरे पाड्यावरच भरली पाहिजेत.